टरफलाची धूळ

मला किळस फार लवकर येते. हे मी कौतुकाने सांगत नाही. लहानपणी आई मोरीत बसून बांगडे साफ करायला लागली की मी चाळीच्या गॅलरीत जाऊन उभा राहायचो, आणि तिथेही खवले खरवडल्याचा आवाज आला की पोटात ढवळायचं. एकदा तिने गंमत म्हणून कोळंबीचं डोकं माझ्या तळहातावर ठेवलं. मी तिथल्या तिथे ओकलो आणि अख्खा मजला पोट धरून हसला. ताटात वाढलेला मासा मात्र मी काटा चोखून खायचो. "खाताना बरी शी वाटणा नाय तुका," आई म्हणायची. पन्नास वर्षं घाटकोपरला काढूनही तिची मालवणी तशीच राहिली आहे. माझी कधी गेली ते मला कळलं नाही.

अशा माणसाच्या नशिबी काय यावं? कोळंबीची टरफलं उकळायची नोकरी. अंधेरीला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा आहे आणि मी तिथे टेक्निशियन आहे. खालच्या गाळ्यात फरसाण तळतात, वर आम्ही टरफलं उकळतो, आणि दोन्ही वास जिन्यात एकमेकांना भेटतात. टरफलं मासळी बाजारातून गोणीने येतात. ती आधी आम्लात टाकायची, मग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळायची, धुवायची, वाळवायची, की शेवटी पांढरे पापुद्रे उरतात. त्या पापुद्र्यांचं आम्ही जेल करतो. याचीच पावडर बाजारात तयार मिळते, पण आमच्या सरांना, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, विकतचं वापरणं कमीपणाचं वाटतं. सगळं कसं आपल्या घरचं हवं. उकळायच्या दिवशी ते स्वतः केबिनचं दार लावून एसी वाढवून बसतात.

हे जेल कशासाठी, ते सर पाहुण्यांना फार छान समजावतात. प्रयोगशाळेत कातडीचा किंवा स्नायूचा तुकडा वाढवता येतो, पण तो जरा जाड झाला की मधून मरतो, कारण आतपर्यंत रक्त पोचत नाही. "पाण्याची लाइन न टाकता टॉवर बांधला, तर वरच्या मजल्यावर राहणार कोण?" असं ते विचारतात आणि पाहुणे माना हलवतात. म्हणून जेलमध्ये रक्तवाहिन्या वाढवणारं एक प्रथिन कोंडून ठेवायचं. ते एकदम सुटलं तर वाट लागते, फुगलेल्या, गळक्या वाहिन्या तयार होतात. तेच आठवडाभर हळूहळू पाझरत राहिलं, तर आसपासच्या वाहिन्यांना फांद्या फुटतात आणि त्या जेलकडे वाढत येतात. कल्पना चांगली आहे. आजही मला ती चांगलीच वाटते. सडलं ते आम्ही केलेलं काम.

जेलची परीक्षा अंड्यांवर होते. दुकानातली अंडी चालत नाहीत, ती वांझ असतात. हॅचरीतून फलित अंडी मागवायची आणि उबवणीच्या पेटीत ठेवायची. तिसऱ्या दिवशी सुईने थोडा पांढरा भाग ओढून घ्यायचा, म्हणजे आतला पडदा टरफलापासून सुटून खाली बसतो. आठव्या दिवशी टरफलाला खिडकी पाडायची. आत लाल धाग्यांचं जाळं असतं आणि त्याखाली एक ओला, हलणारा जीव, ज्याला नुसताच एक मोठा काळा डोळा आहे असं वाटतं. त्या पडद्यावर जेलची चकती ठेवायची, खिडकीवर चिकटपट्टी लावायची, आणि चार दिवसांनी उघडून फोटो काढायचा. रक्तवाहिन्या चकतीकडे वळल्या असतील तर जेल पास. मग ते अंडं पिवळ्या पिशवीत, जैविक कचऱ्यात. त्या डोळ्याची सवय मला आठ वर्षांत झाली नाही.

किळस येणाऱ्या माणसाच्या अंगी एक गुण आपोआप येतो. तो भराभर हात चालवतो. मला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की आधी टरफलावर चिकटपट्टी लावायची आणि पट्टीसकट कात्रीने हळूहळू कापायचं. एका अंड्याला दहा मिनिटं, त्या डोळ्याला डोळा लावून, कोण बसणार? मी पार्लरमध्ये नखं घासायला वापरतात ते छोटं मशीन आणलं. गर्रकन फिरवलं की रुपयाएवढी खिडकी अर्ध्या मिनिटात तयार. कडेला पांढरी धूळ पडायची, ती मी फुंकर मारून उडवायचो, म्हणजे उडते असं मला वाटायचं. पट्टीबिट्टी नवशिक्यांसाठी. सर मला 'उस्ताद' म्हणायला लागले आणि मला ते आवडायचं. तुलनेसाठी काही अंडी कोरी ठेवावी लागतात, म्हणजे ज्यांत जेल घालायचंच नाही अशी. त्यांत चकती सरकवायची नसल्यामुळे शेंगदाण्याएवढं भोक पुरायचं. एवढ्याशासाठी मशीन कशाला, म्हणून ते मी कात्रीच्या टोकानेच पाडायचो. कोरी अंडी कात्रीने, जेलची अंडी मशीनने. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

फोटो असे आले की सर केबिनमधून बाहेर धावले. कोऱ्या अंड्यांत चार-दोन मरतुकडे धागे, आणि जेलच्या अंड्यांत चकतीभोवती लालभडक पंखे पसरलेले. "झकास! उस्ताद, झकास!" सर म्हणाले. त्यांनी कॉम्प्युटरवर तो लाल रंग आणखी थोडा लाल केला. जी अंडी मधेच मेली ती मोजायची नाहीत असं ठरवलं, कारण मेलं तर तो अंड्याचा दोष, जेलचा नव्हे. सगळ्यात देखणा फोटो मोठा करून लिफ्टसमोर टांगला. पाहुण्यांना तो गुलमोहर वाटायचा. मी हे सगळं बघत होतो आणि गप्प होतो. चित्र माझ्या हातचं होतं ना. आपला तो बाब्या, दुसरं काय.

लवकरच सरांनी फाइल तयार केली. हे जेल आता माणसांच्या न भरणाऱ्या जखमांवर लावून बघायला परवानगी मागायची होती. परवानगी देणारी समिती येऊन मूळ प्रयोगवह्या तपासणार होती. आमच्या वह्यांच्या पानांना छापील नंबर असतात, एक पान जरी फाडलं तरी कळतं, म्हणून मला सांगण्यात आलं की अक्षर नीट काढ, खाडाखोड करू नकोस. मी दर पानावर सही करून वह्या टापटीप ठेवल्या.

त्याच सुमारास गणपती गेले आणि घरात श्रावणानंतर पहिल्यांदा कुर्ल्या, म्हणजे खेकडे, आल्या. माझं लग्न झालेलं नाही. घरात आई आणि मी, दोघंच. तिला मधुमेह आहे आणि पायाला स्पर्श कळत नाही, हे आम्हाला माहीत होतं आणि माहीत नसल्यासारखं आम्ही वागत होतो. कुर्लीच्या नांगीचा एक तुकडा ओट्यावरून खाली पडला, तो तिच्या तळव्यात करंगळीखाली घुसला आणि दोन दिवस तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी लादीवर चिकट ठसे दिसले तेव्हा कळलं. मी ठसे बघितले, पाय बघितला नाही.

महिनाभर ती मोरीत बसून स्वतःच पट्टी बदलत होती. वाकता येत नव्हतं, तरी वाकत होती. मी टीव्हीचा आवाज मोठा करून बाहेर बसायचो. वास यायला लागला तेव्हा मी उदबत्ती लावली. आयुष्यभर या बाईने माझी शी-शू काढली, तापात मी केलेली ओकारी ओंजळीत झेलली, आणि मी उदबत्ती लावली. हे लिहिताना मला माझा जो राग येतो आहे तो कुठे ठेवावा, मला समजत नाही.

शेवटी करंगळी काळी पडली. पालिकेच्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती, बोलायला तिखट. तिने पाय उचलून नाकाजवळ नेला, वास घेतला, तोंड वाकडं केलं नाही. "पायाची मुख्य नस बंद आहे. ती आधी आतून उघडून बघू, आणि हे एक बोट काढू. आत्ता एकच बोट आहे. उशीर केलात तर किती जाईल ते मी नाही सांगू शकत." मी म्हटलं, विचार करून सांगतो. आईने माझ्याकडे बघितलं. तिला ऑपरेशनची भीती होती, पण तिने नाही म्हटलं नव्हतं. नाही मी म्हटलं.

कारण माझ्या डोक्यात लिफ्टसमोरचा गुलमोहर होता. रक्त पोचत नाही? अहो, आमचं अख्खं काम तेच आहे. लोक ज्यासाठी समित्यांच्या दारात उभे राहणार होते ते माझ्या फ्रिजमध्ये, सरांच्या श्रीखंडाच्या शेजारी, डब्या भरून पडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये गेलो. "सर, आईच्या पायाला जखम आहे. जेलची एक डबी नेऊ का?" सरांनी स्क्रीनवरून नजर काढली नाही. "फ्रिजचं रजिस्टर तूच लिहितोस ना?" ते म्हणाले. "मग मला काय विचारतोस? मी काही ऐकलं नाही." तेव्हा मला तो होकार वाटला आणि मी मनातून त्यांचे आभारही मानले. आज त्या वाक्याची मला शिसारी येते. ज्या वस्तूवर एवढा विश्वास, ती माझ्या आईला लागणार म्हटल्यावर माणूस कान झाकून घेतो, एवढ्यावरून तरी मला समजायला हवं होतं.

डबी मी बर्फ भरलेल्या टिफिनमध्ये ठेवली. मेट्रोच्या तपासणीत शिपायाने झाकण उघडायला लावलं. "ये क्या है?" "दवा है, माँ के लिए," मी म्हटलं. त्याने झाकण स्वतःच्या हाताने बंद करून दिलं. "जाओ, जाओ." घाटकोपरपर्यंत मी तो डबा मांडीवर धरून बसलो होतो, छाती फुगवून.

आईला मी सांगितलं की हे कोळंबीच्या टरफलापासून केलेलं औषध आहे, मी स्वतः केलेलं. तिला हसू आवरेना. "कुर्लेन घाव केल्यान, आता सुंगटां बरो करतली काय?" कुर्लीने केलेली जखम कोळंबी बरी करणार, यापेक्षा मोठा विनोद तिने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. मग तिने पाय पुढे केला. "तुझ्या हातचां असा मां? मग लाव. ओकशीत नाय मां?"

मी ओकलो नाही. नाकाला रुमाल बांधला, हातमोजे चढवले आणि जन्मात पहिल्यांदा आईची जखम उघडी करून बघितली. आत पिवळं, करडं, शेवाळल्यासारखं काहीतरी होतं. मी त्यावर चकती ठेवली, पट्टी बांधली, हात धुतले. आईच्या डोळ्यांत पाणी होतं. दुखल्यामुळे नव्हे, तिला तिथे काही कळतच नव्हतं. मुलाने पाय हातात घेतला म्हणून. मला त्या क्षणी स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की आता आठवलं तरी तोंड कडू होतं. महिनाभर पू होता तेव्हा मी टीव्ही बघत होतो. किळस मी जिंकली ती आईसाठी नव्हे, जेलसाठी.

सोळा दिवस मी चकत्या बदलल्या. सहाव्या दिवशी जखमेच्या कडेने लाल रिंगण दिसायला लागलं. दहाव्या दिवशी ते पसरलं. मी अंड्यांचे काढतो तसेच मोबाइलवर रोज फोटो काढत होतो आणि आईला दाखवत होतो. "बघ, रक्त येतंय. लाल दिसतंय ना?" "दिसता मां," ती म्हणायची. चौदाव्या दिवशी तिला थंडी वाजून ताप आला. मी म्हटलं, शरीर कामाला लागलंय. सोळाव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा आणखी दोन बोटं काळी होती, आणि वास असा की शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, उंदीर मेलाय का.

इस्पितळात त्याच डॉक्टरणीने पट्टी उलगडली आणि चिमट्याने चकतीचा चिकट तुकडा उचलून उजेडात धरला. "हे काय लावलंत?" "मलम," मी म्हटलं. प्रयोगशाळेचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही. "पण डॉक्टर, बाजूने लाल झालंय. रक्त येत होतं."

"लाल म्हणजे रक्त आलं असं कुणी सांगितलं तुम्हाला?" ती म्हणाली. "ही कातडी चिडली आहे. काहीही टोचत राहा, ती लाल होणारच. उद्या वाळू घातलीत तरी लाल होईल. खालून नळ बंद आहे आणि तुम्ही वरून शिंपडत बसलात. आता नस उघडते, पण तीन बोटं आणि त्यांच्या मागचा पंजा जाणार." आई तिच्याकडे बघून मान डोलावत होती, लग्नाची बोलणी ऐकावी तशी. 

ऑपरेशनच्या सकाळी मी बाकड्यावर बसलो होतो. काढलेला भाग कचऱ्यात पाठवण्याआधी नातेवाइकाला दाखवून सही घ्यायची तिथे पद्धत आहे. सिस्टर राजम्याच्या दाण्यासारखा वाकडा स्टीलचा ट्रे घेऊन आल्या आणि वरचं गॉजचं कापड बाजूला केलं. "बघून घ्या, आणि इथे सही करा." तीन बोटं होती. मधल्या बोटातही जोडवं घालून घालून पडलेला पांढरा वळसा तसाच होता. बाबा गेल्यावर तिने जोडवी काढली, वळसा राहिला होता. मी सही केली. सिस्टरांनी ट्रे पिवळ्या पिशवीत रिकामा केला. आमच्याकडे असते तीच पिशवी, तोच पिवळा रंग, त्यावर तेच काळं चिन्ह. माझ्या पोटात ढवळलं नाही. का नाही ढवळलं, याचीच मला भीती वाटली.

आई वॉर्डात असताना मी कामावर गेलो, कारण घरी बसवत नव्हतं. वाळू घातली तरी लाल होईल. हे वाक्य डोक्यातून जाईना. वाळू आपण घालतो कुठे? मशीन हातात घेतलं, पहिल्या अंड्याला लावलं, पांढरी धूळ उडाली, आणि सवयीने मी फुंकर मारली. धूळ खिडकीतून आत गेली. बाहेर नाही, आत. आठ वर्षं मी ती आतच फुंकत होतो. मशीन खाली ठेवलं आणि मी स्टुलावर बसलो.

मग मी एक सोपी गोष्ट केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. काही अंड्यांना चिकटपट्टी लावून, कात्रीने, दहा-दहा मिनिटं घेऊन, त्या डोळ्याकडे नीट बघत मोठी खिडकी पाडली आणि आत जेल ठेवलं. दुसऱ्या काहींना तशीच खिडकी पाडून ती कोरी ठेवली. तिसऱ्या काही अंड्यांतही जेल ठेवलं नाही. नुसती टरफलाची धूळ चिमटीने टाकली. चार दिवसांनी उघडली, फोटो काढून वहीत लावले. जेलची अंडी कोऱ्यांच्या जेमतेम पुढे होती. आणि धुळीच्या अंड्यांत लालभडक पंखे, लिफ्टसमोर टांगावे असे. पडदा चिडला होता, एवढंच. तो गुलमोहर माझ्या फुंकरीचा होता.

मी सगळी अंडी ट्रेमध्ये मांडून सरांपुढे नेली आणि जसं आहे तसं सांगितलं. कोरी अंडी कात्रीने, जेलची मशीनने, धूळ फक्त जेलच्या अंड्यांत. सरांनी भिंग लावून दोन मिनिटं बघितलं. ते मूर्ख नाहीत, त्यांना लगेच कळलं. त्यांनी भिंग पुसून डबीत ठेवलं. "पुढच्या बॅचपासून पट्टी लाव," ते म्हणाले.

"आणि जुने फोटो?"

"जुने फोटो जुने आहेत. अरे यार, उस्ताद, फाइल गेली आहे. आता उकरून काय मिळणार? झाकली मूठ राहू दे ना." मग ते जरा हळू आवाजात म्हणाले, "आणि तुझ्या त्या डबीचं कुणाला कळलं तर? मी तुलाच वाचवतोय."

मी ट्रे उचलला, अंडी पिशवीत टाकली, हात धुतले. पुन्हा धुतले. तळपायाची आग मस्तकात गेली होती असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. मला फक्त सुटल्यासारखं वाटलं, आणि ही या सगळ्यातली सर्वांत घाणेरडी गोष्ट आहे. पू नव्हे, तो ट्रे नव्हे.

आई घरी आली. पायाला आता अर्धा पंजा होता. नस उघडल्यामुळे वर ऊब आली होती आणि जखम कडेने खरीखुरी गुलाबी, शांत दिसत होती. पट्टी मीच बदलत होतो, रुमाल न बांधता. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "दाखवल्यानी काय रे तुका, बोटां?"

"दाखवली."

"मगे? ओकलंस?"

"नाही."

"शाणो झालंस," ती म्हणाली आणि हसली.

ते हसू मला सहन झालं नाही. मी तिचा पाय मांडीवर तसाच धरून सगळं सांगून टाकलं. मशीन, फुंकर, धूळ, लाल पंखे. "ते लाल औषधाचं नव्हतं, आई. डॉक्टरणीने सांगितलं तेव्हाच गेलो असतो तर एकच बोट गेलं असतं. बाकीची दोन माझ्यामुळे गेली." मला वाटलं ती रडेल, नाही तर पाय ओढून घेईल. मनातून मला तेच हवं होतं. तिला माझी एकदा तरी किळस यावी.

तिने सुटलेली पट्टी बोटांवर गुंडाळून घेतली. मग म्हणाली, "ह्यां तुझ्या सायबाक सांगलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणालो तो?"

"पुढच्या वेळी पट्टी लाव म्हणाले."

"पुढच्या येळाक कोणाचो पाय?" तिने विचारलं.

  समितीने होकार दिला की ज्याच्या पायावर लावणार त्याचा. त्याच्याही मुलाला कुणीतरी लिफ्टसमोरचं चित्र दाखवील.

"तुझो साहेब फोटोच बघता मां?" आई म्हणाली. तिने पाय माझ्या मांडीवर आणखी पुढे सरकवला आणि उरलेली पट्टी स्वतःच्या हाताने सोडली. "मगे काड फोटो. नीट काड. खिडकी उघड, उजेड येवंदेत."

मी फोटो काढला. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, आणि पुढे टाक्यांची काळी रांग. दुसऱ्या दिवशी त्याची प्रत काढून मी प्रयोगवहीत चिकटवली, धुळीच्या अंड्यांच्या फोटोंसमोरच्या पानावर. दर पानावर लिहितो तसंच खाली लिहिलं. जेल, सोळा दिवस. लावणारा, मी. मग शेऱ्याच्या जागी जे घडलं ते क्रमाने, डबी कुणी नेली आणि कुणाला विचारून नेली त्यासकट, सुवाच्य अक्षरात. खाली सही.

समिती यायच्या आदल्या दिवशी सर वह्या चाळायला बसले. मी टरफलं उकळत होतो. थोड्या वेळाने केबिनमधून आवाज आला, "शी! हे काय घाणेरडं चिकटवलंस इथे?" आठ वर्षांत सरांच्या तोंडून 'शी' मी पहिल्यांदा ऐकली. ते वही हातभर लांब धरून दारात आले. त्यांनी नाकाला रुमाल लावला होता, जसं काही कागदालाच वास येत होता.

"माझ्या आईचा पाय आहे," मी म्हटलं.

त्यांनी शेरा वाचला. पुन्हा वाचला. "हे पान काढ," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता काढ."

मी गॅस बारीक केला. "पानांना नंबर छापलेले आहेत, सर."